दोन बोटं माया

मास्तरांच्या गळ्यात टेप असायचा, नाही असं नाही. पण तो नुसता शोभेला. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत मास्तर त्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघायचे आणि वहीत आकडे लिहून मोकळे व्हायचे. मग समोरच्याचं समाधान व्हावं म्हणून टेप लावायचा, आकडा वाचल्यासारखं करायचं, हूं हूं म्हणायचं. अडतीस वर्षं हे असंच चाललं. एकदा एक वकील हट्टाला पेटला, म्हणाला, माझ्या लग्नाचा कोट आहे, नीट मोजून घ्या. मास्तरांनी मोजलं, टेपवर एक आकडा आला, त्यांनी वहीत दुसराच लिहिला. वकिलाने हरकत घेतली तेव्हा मास्तर म्हणाले, साहेब, आत्ता तुम्ही पोट आत ओढून उभे आहात, लग्नात तीन तास ओढून धरणार आहात का? कोट वहीतल्या आकड्यावर शिवला गेला आणि वकील लग्नात पोटभर जेवला.

आता असा तिरसट माणूस, त्याला बायको मिळाली बसची कंडक्टर. अकरा नंबरच्या बसवर एकोणतीस वर्षं काढलेली. सगळी गल्ली तिला कंडक्टरबाई म्हणायची आणि मास्तरही घरात कंडक्टरच म्हणायचे. आवाज असा की स्टॉपवर डुलकी लागलेला माणूस दचकून आपोआप चढायचा. 'दारात उभं राहू नका, पुढे सरका, आत जागा आहे,' हे तिचं वाक्य. बसमध्ये म्हणायची, घरी पाहुणे उंबऱ्यात घोटाळले की म्हणायची, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे रांगेतल्या लोकांनाही म्हणाली.

दोघांची ओळख युनिफॉर्मवरूनच झाली. नोकरीला लागली तेव्हा डेपोत बायकांच्या मापाचा कोटच नव्हता. तीन शिंप्यांनी पुरुषाचा कोट कापून छोटा करून पाहिला आणि तिघांनीही तिचं पार बुजगावणं करून टाकलं. चौथे हे. त्यांनी तिला दारातून येताना पाहिलं, आकडे लिहिले, आणि तिसऱ्या दिवशी कोट असा बसला की ती आरशासमोरून हलेना. मग म्हणाली, टेप न लावता मापं घेता म्हणजे बघता फार. मास्तर कानापर्यंत लाल झाले. चार महिन्यांत लग्न झालं. पोरंबाळं झाली नाहीत. त्याचं जे वाईट वाटायचं ते दोघांनी एकदाच बसून वाटून घेतलं आणि विषय मिटवला.

तिचे कोट पुढे कायम मास्तरांनीच शिवले, नजरेनेच. एक गोष्ट मात्र दर वेळी व्हायची. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, पुढेमागे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात. इतर शिंपी एक बोट माया ठेवतात, मास्तर बायकोच्या कोटात दोन बोटं ठेवायचे. ती चिडवायची, मी काय फुगणार आहे का? आणि वर्षाकाठी थोडी थोडी फुगायचीच, मग मास्तर विजयी मुद्रेने शिवण उसवायचे.

हे सगळं सांगून ठेवलं, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

तिला आजार झाला तो पोटात. कळला तेव्हा पोटातून यकृतापर्यंत पोचलेला होता. दोन औषधं झाली, तिसरं झालं, केस गेले, आणि एका सकाळी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की आता बरं करणं हातात नाही, त्रास कमी ठेवणं हातात आहे. मास्तरांनी विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, काही महिने. मास्तर भडकले. काही महिने हे काय माप झालं? दोन की वीस? कापड घेताना कुणी काही वार द्या म्हणतं का? डॉक्टर भला माणूस, त्याने मनावर घेतलं नाही. कंडक्टरबाईने नवऱ्याचा हात धरून त्याला बाहेर आणलं आणि जिन्यात म्हणाली, अहो, त्या बिचाऱ्याला कशाला उसवताय?

मास्तरांनी मग सगळ्या जगाशीच उभा दावा मांडला. दुकानात यायचा तो माणूस आधी मान वाकडी करून, आवाज खाली आणून 'कसं आहे?' असं विचारायचा. त्या वाकड्या मानेचा मास्तरांना असा काही तिटकारा आला की त्यांनी पुठ्ठ्यावर खडूने लिहून पाटीच लावली: 'तब्येतीची चौकशी करू नये. कपड्यांची करावी.' लोक दुखावले. दुखावू देत. मोठी मेहुणी, म्हणजे कंडक्टरबाईची बहीण, दर दोन दिवसांनी बाटलीतून कसलंसं हिरवं पाणी आणायची आणि मन प्रसन्न ठेवलं की पेशी आपोआप सुधारतात असं ऐकवायची. मास्तर म्हणाले, मग तुमच्या गुडघ्याला जरा चार विनोद सांगा. मेहुणी आठवडाभर बोलली नाही, आणि तेवढाच आठवडा घरात शांतता होती.

पण हे सगळं बाहेर. आत काय होतं ते कुणाला दिसत नव्हतं. मशीनचं पायडल मारताना मास्तरांचा पाय मध्येच थांबायचा आणि किती वेळ थांबलाय हे त्यांना कळायचं नाही. ते घाबरले होते, आणि आपण घाबरलोय याचा त्यांना आजाराइतकाच राग येत होता.

दवाखान्यातल्या समुपदेशक मुलीने हे ओळखलं. तिथे दर गुरुवारी चार वाजता या आजाराच्या रोग्यांच्या घरच्या माणसांची, माणूस गेलेल्यांचीही, बैठक असायची, दहाबारा खुर्च्या गोल मांडून. आपलं मन मोकळं करायचं, एकमेकांचं ऐकायचं. ती मुलगी चारदा म्हणाली म्हणून मास्तर एका गुरुवारी गेले. दारात उभे राहिले, आत नजर टाकली, आणि दुसऱ्या खुर्चीवर बसलेली बाई पाहून आल्या पावली मागे फिरले.

ती बाई म्हणजे फ्रिलवाली. मास्तरांच्या दुकानासमोरच तिचं लेडीज टेलरचं दुकान. खरं नाव मास्तरांनी अकरा वर्षांत उच्चारलं नव्हतं. ती कशालाही फ्रिल लावते, उद्या उशीला आणि परवा उंबऱ्याला लावेल, असं म्हणून त्यांनीच ते नाव पाडलं होतं. दोघांचा छत्तीसचा आकडा होता, कारण अकरा वर्षांपूर्वी तिने आपल्या पाटीवर बारीक अक्षरात 'पुरुषांचेही कपडे शिवून मिळतील' असं लिहिलं होतं. झालं, बोलणं बंद. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी वारला तेव्हा गल्लीला कळलं होतं की हृदयविकार. मग ही या आजाराच्या बैठकीत कशी? मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, अगदी बायकोलाही नाही. भांडण पाटीचं होतं, त्यात मेलेल्या माणसाला ओढायचं नसतं एवढं त्यांना कळत होतं.

आणि मग डेपोचं पत्र आलं. सौभाग्यवती अमुक अमुक या महिनाअखेर सेवानिवृत्त होत असून, प्रकृतीच्या कारणास्तव घरच्या कुणीही येऊन त्यांचा बिल्ला, तिकीटपंच आणि बॅग जमा करावी. कंडक्टरबाई पलंगावर बसून पत्र वाचत होती. तिने ते दोनदा वाचलं, चौकोनी घडी घातली आणि सांगितलं की आपण पार्सल नाही, आपला बिल्ला कुणाच्या पिशवीतून जाणार नाही. शेवटची एक फेरी अकरा नंबरवर मारायची आणि उतरताना स्वतःच्या हाताने बिल्ला द्यायचा.

तिने डेपोच्या साहेबांना फोन लावला. काय काय बोलली ते मास्तरांनी शेजारच्या खोलीतून ऐकलं, त्यात विनंतीचा भाग कमी होता. साहेब अखेर तयार झाले. सोमवारी सकाळची दहाची फेरी, नेहमीचा कंडक्टर असेलच, ही जादा म्हणून. अटी दोन. पूर्ण युनिफॉर्म नीट अंगावर हवा, कारण विना युनिफॉर्म माणूस गाडीत उभा केला तर त्यांच्या नोकरीवर येईल. आणि बसची पायरी तिने स्वतःच्या पायांनी चढायची. उचलून चढवलेला माणूस प्रवासी, कंडक्टर नाही.

मेहुणीने आकाशपाताळ एक केलं. डॉक्टरांनी मात्र विचार करून सांगितलं की जाऊ द्या, पोटातलं पाणी त्याआधीच्या गुरुवारी काढू म्हणजे श्वासाला मोकळं होईल. सोमवारला बारा दिवस होते. जुना कोट चढवून पाहिला तर खांदे दंडावर आले आणि पोटावर बटण लागेना. मास्तर म्हणाले, त्यात काय, नवा शिवतो. पायात इलॅस्टिकची पँट चालून जाईल, कोट मी बघतो. डेपोतून दर वर्षी मिळणारं निळं कापड तिने जपून ठेवलं होतं, तीन कोटांना पुरेल एवढं.

मास्तरांनी तिला खोलीतून बाहेर येताना पाहिलं, वहीत आकडे लिहिले आणि कापड कापलं. तीन दिवस जीव ओतून शिवलं. कॉलर अशी की बोट फिरवत राहावं. शनिवारी तिच्या अंगावर चढवला, आणि कोट खांद्यावरून घसरला. छातीवर पोतं झालं, खाली पोटावर बटण अडलं. ती आधी हसली. मग तिने आरशात नीट पाहिलं.

"मास्तर," ती म्हणाली, "हा कोट कुणाचा शिवलात?"

मास्तर म्हणाले, कापड ताणलं गेलं असेल. कात्री बोथट झाली असेल. चष्म्याचा नंबर वाढला असेल. दुसरं कापड काढलं, पुन्हा तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं, पुन्हा कापलं, पुन्हा शिवलं. बुधवारी चढवला. खांद्यापासून पोटापर्यंत तीच चूक, इंचाचाही फरक नाही. अडतीस वर्षांत एकही कोट परत आला नव्हता आणि आता घरातलेच दोन आले. कापड उरलं एका कोटाचं. हातात होते पाच दिवस. तिने काही म्हटलं नाही, नुसता कोट काढून घडी करून त्यांच्या हातात दिला, आणि मास्तरांना वाटलं की तिने काहीतरी म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी दुकानात बसून मास्तरांनी तो कोट उलटा केला, सुलटा केला, मापं वहीशी ताडून पाहिली. कोट वहीबरहुकूम होता. मग चूक कुठे? समोर फ्रिलवालीच्या दुकानात दिवा होता. मास्तरांनी कोट काखेत मारला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा रस्ता ओलांडला. गल्लीतल्या दोघातिघांनी पाहिलं. बघू देत.

ती काही विचारणार तोच मास्तरांनी कोट तिच्या टेबलावर टाकला आणि सोमवारचं सगळं सांगितलं. घाईघाईने, जणू थांबलो तर सांगता येणार नाही. फ्रिलवालीने कोट पसरला, खांद्यावरून हात फिरवला, काखेत बोट घातलं, वहीतले आकडे बघितले. शिलाईला तिने मनापासून मान डोलावली. मग विचारलं, हे माप कधीचं? मास्तर म्हणाले, परवाचं. ती म्हणाली, नाही, हे तीन वर्षांपूर्वीचं आहे, मी रोज समोरून त्यांना ड्युटीवर जाताना बघायची, तेव्हा त्या एवढ्या होत्या.

मास्तर स्टुलावर बसले.

मग ती आपलं सांगायला लागली, मशीनवरची धूळ पुसता पुसता. नवरा आजारी असताना तिने त्याला सहा पायजमे शिवून दिले होते, सगळे जुन्या कमरेचे. तो बिचारा ते आतून सुतळीने बांधून घालायचा आणि छान बसलाय म्हणायचा. तो गेल्यावर कपडे आवरताना सुतळ्या सापडल्या. शिवणकाम करणाऱ्या बाईचा नवरा सुतळी बांधून गेला, हे तिला अजून गिळता येत नव्हतं. गल्लीत तिने हृदयविकार सांगितला कारण लोक काय, शिवणीतून आजार लागतो म्हणायलाही कमी करत नाहीत. आणि मास्तरांनी तिला त्या गुरुवारी पाहिलं, तरी महिनाभर कुठे अवाक्षर काढलं नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं.

"तुमच्या डोळ्याला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "त्याला बघायचं नाही, एवढंच. उद्या टेप लावा, मास्तर. हात थरथरेल. थरथरू द्या. आणि रडायचं असेल तर आत्ता इथे रडून घ्या, या फ्रिलांच्या ढिगात कुणाला दिसत नाही."

तिने शटर अर्धं ओढलं आणि आत चहा करायला निघून गेली. मास्तर खरंच रडले. सहा महिन्यांचं सगळं एकदम आलं. गुलाबी जाळीच्या कापडात तोंड खुपसून तो तिरसट माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला, आणि चहा येईपर्यंत त्याला बराच हलकेपणा आला. जाताना ती एवढंच म्हणाली की गुरुवारी चार वाजता या, दारातून पळू नका. मास्तर म्हणाले, बघू. आणि पायरी उतरता उतरता म्हणाले, ती पाटीवरची बारीक अक्षरं जरा मोठी करा, वाचता येत नाहीत.

गुरुवारी दवाखान्यात पाणी काढलं. शुक्रवारी सकाळी, तिला जरा तरतरी आहे असं बघून, मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. ती बघतच राहिली. लग्नाआधी आणि नंतर कधीही त्यांनी तिला टेप लावला नव्हता. ती पलंगाचा कठडा धरून उभी राहिली. मास्तरांनी टेप पाठीवर धरला, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. कापडावरून हाड लागलं. आकडा समोर दिसत होता, पण तोंडातून निघेना. पेन्सिल हातात तशीच राहिली.

मग तिने मान वळवून खांद्यावरून टेपचं टोक बोटांत धरलं, स्वतः वाचलं, आणि ड्युटीच्या आवाजात म्हणाली, "खांदा, साडेतेरा. कुणी उतरणार आहे का? नाही? पुढे चला."

मास्तरांनी साडेतेरा लिहिलं. पूर्वी सोळा होतं. छाती, एकतीस. पुढे चला. पोट, छत्तीस, पाणी काढूनसुद्धा. इथे जरा गर्दी आहे, सावकाश उतरा, असं म्हणून ती स्वतःच हसली आणि हसताना तिला धाप लागली. मास्तर एकेक आकडा लिहीत गेले. आता डोळे खाली घालायची सोय नव्हती, आणि त्यांनी घातलेही नाहीत. तिची गळ्याची वर आलेली हाडं, तिचे दंड, सुया टोचून काळेनिळे पडलेले कोपराचे खळगे, सगळं त्यांनी पाहिलं. शेवटी बाही. खांद्यापासून मनगटापर्यंत टेप सोडला आणि आकडा आला साडेबावीस. लग्नाआधी, त्या पहिल्या कोटाच्या वेळी वहीत लिहिलं होतं तेही साडेबावीसच. हाडाची लांबी काही कुणी कमी करू शकलं नव्हतं. मास्तर तिथेच, मनगट हातात धरून, खाली बसले.

तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं वाटलं," ती म्हणाली. "सहा महिने झाले, तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या मागे कुणीतरी उभं असल्यासारखं तिकडे बघायचात."

यानंतर लगेच भांडण झालं, हेही सांगायला हवं. ती म्हणाली, या कोटात माया ठेवू नका, उगाच खांद्यावर जाड होतं. मास्तर म्हणाले, ठेवणार. ती म्हणाली, अहो, कोण उसवणार आहे आता? मास्तर म्हणाले, शिंपी कोण आहे, तू की मी? माप तू म्हणशील ते, कोट तू म्हणशील तो, पण आतलं कापड माझं, त्यात दोन बोटं माया राहणार म्हणजे राहणार, डॉक्टर आला तरी कापू देणार नाही. मेहुणी हिरव्या पाण्याची बाटली घेऊन दारात उभी होती, तिला वाटलं काय भयंकर झालं. काही झालं नव्हतं. बऱ्याच दिवसांनी घरात नीट भांडण होत होतं.

सोमवारी सकाळी डेपोत अकरा नंबर उभी होती. तिच्याबरोबर बारा वर्षं गाडी चालवलेला ड्रायव्हर दाराशी टोपी काढून उभा, साहेब शेजारी. कंडक्टरबाई निळा कोट घालून रिक्षातून उतरली. कोट कसा बसला होता म्हणून सांगू! खांद्याची शिवण बरोबर खांद्यावर, बटणं सगळी लागलेली, आणि पाठीमागून बघणाऱ्याला ती नुसती बारीक झालेली बाई वाटावी, आजारी नाही. साहेबांनी कोटाकडे पाहिलं आणि ते दारापासून बाजूला झाले.

पायऱ्या तीन. पहिली ती चढली. दुसरी चढली आणि थांबली. दांडा दोन्ही हातांनी धरून, कपाळ दांड्याला टेकवून उभी राहिली. कोटाची पाठ वरखाली होत होती. मेहुणी पुढे धावली तेव्हा मास्तरांनी आडवा हात घातला. तिला वाटलं हा माणूस दगडाचा आहे. खरं तर आपण आत्ता धावलो तर तिची एकोणतीस वर्षं आपल्याच हाताने पुसून टाकू, हे एवढंच ते मनात घोकत होते. मास्तरांच्या आयुष्यात तेवढं जड काम त्यांनी कधी केलं नाही, नुसतं उभं राहण्याचं. मग तिचा गुडघा हलला, आणि ती तिसरी पायरी चढून आत गेली.

"ड्रायव्हर, डोळे पुसा आणि समोर बघा," आतून आवाज आला. मग डबल बेल वाजली.

पहिले चार स्टॉप तिने उभ्याने केले, नंतर सीटवर बसून. तिकिटं मात्र सगळ्यांना तिनेच फाडली. मास्तर मागच्या बाकावर बसले होते, त्यांच्यापाशीही आली. कुठे जायचं, असं अगदी परक्यासारखं विचारलं. मास्तर म्हणाले, शेवटपर्यंत. तिने पंच मारून तिकीट दिलं आणि सांगितलं, जपून ठेवा, मध्येच तपासतात. ते तिकीट मास्तरांच्या चष्म्याच्या डबीत अजून आहे.

फेरी संपल्यावर तिने बिल्ला काढून साहेबांच्या हातात दिला. कारकून पुढे आला, म्हणाला नियमाप्रमाणे युनिफॉर्मही जमा करायचा असतो. मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बहुतेक सवयीने मापही घेतलं, आणि म्हणाले, कापड डेपोचं आहे, शिलाई माझी आहे. कापड हवं असेल तर माझ्यासमोर बसून एकेक टाका उसवा आणि घेऊन जा. साहेबांनी कारकुनाला चहा सांगायला पाठवून दिलं.

त्यानंतर ती अकरा आठवडे होती. थंडी वाजायची म्हणून दुपारी गॅलरीत तो कोट घालून बसायची. मास्तर गुरुवारी चार वाजता जायला लागले. बोलायचे नाहीत, पण फ्रिलवालीशेजारी बसून इतरांचं ऐकायचे, आणि एकदा एका खुर्चीचा डुगडुगणारा पाय नीट करून आले. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली, त्या गोळीने भूक लागायला लागली, आणि एके दुपारी कंडक्टरबाई म्हणाली, मास्तर, कोट काखेत आवळतोय.

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. टेप लावला. छाती पाऊण इंच वाढली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही गोळीची सूज असते, मांस नाही, फार आशा धरू नका. मेहुणीनेही तेच ऐकवलं. मास्तर म्हणाले, सूज असेल तर सुजेला कोट नको का? त्यांनी आधी समोरच्या दुकानात जाऊन त्याच निळ्या रंगाचं रीळ आणलं, वाटेत भेटेल त्याला, पाटी स्वतःच लावलेली असून, बायकोचा कोट आवळतोय असं सांगितलं, आणि मग उजेडात बसून दोन्ही बाजूंची शिवण उसवून अर्धं बोट माया सोडली. ती समोर बसून बघत होती. म्हणाली, जिंकलात. मास्तर म्हणाले, मग!

ती गेली ती घरीच, एका दुपारी, मास्तर शेजारी असताना.

पुढच्या गुरुवारी मास्तर बैठकीला येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते चारला पाच कमी असताना येऊन बसले. समुपदेशक मुलीने हळूच विचारलं, आज काही बोलावंसं वाटतंय का? मास्तरांनी घसा साफ केला. म्हणाले, लोक कोट मागतायत, कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून. मी देणार नाही. आत दीड बोट माया अजून शिल्लक आहे. मुलीला ते कितपत कळलं कोण जाणे, पण फ्रिलवालीने जाळीचा रुमाल काढला, त्यालाही फ्रिल होती.

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा असेल, हातात दवाखान्याची फाईल, पाय उंबऱ्यावर. त्याने खुर्च्यांचा गोल पाहिला आणि परत फिरायला वळला. मास्तरांनी त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. त्या खोलीत इतर कुणी ओळखलं नसतं इतकं चांगलं ओळखलं. ते उठून उभे राहिले आणि अशा आवाजात बोलले की खोलीतले सगळे दचकले.

"दारात उभं राहू नका," मास्तर म्हणाले. "पुढे सरका. आत जागा आहे."